देवमाशांच्या वहीतली माझी चूक

प्रा. विमल साळवे यांना आम्ही विद्यार्थी ‘मॅडम’ म्हणत नाही, ‘बाई’ म्हणतो. त्यांची-माझी पहिली भेट नगरच्या आमच्या कॉलेजात, सूचनाफलकासमोर झाली. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती आणि मी प्राणिशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला होतो. फलकावर लिहिले होते, ‘कोकण किनाऱ्यावर देवमाशांच्या वर्तनाच्या नोंदी घेण्यासाठी स्वयंसेवक हवेत. पोहता आले नाही तरी चालेल. गप्प बसता आले पाहिजे.’ मी मोठ्याने हसलो. मागे बाईच उभ्या होत्या. “तुला जमेलसं दिसत नाही,” त्या म्हणाल्या. मला राग आला आणि त्याच रागात मी नाव दिले.

बाई मूळच्या शेवगावकडच्या. आईवडील रस्त्याच्या कामावर खडी फोडायचे आणि बाई घरातल्या पहिल्या पदवीधर. नोकरी लागेपर्यंत त्यांनी स्वतःही समुद्र पाहिला नव्हता. पुढे मात्र दर हिवाळ्यात रजा काढून त्या किनाऱ्यावरच्या या संशोधन प्रकल्पात राबू लागल्या. आमच्या जिल्ह्यात प्यायच्या पाण्याची मारामार, आणि तिथली एक बाई देवमाशांचे श्वास मोजते, हे सांगताना माझी मान आजही ताठ होते.

आमची तयारी त्यांनी करून घेतली ती पारनेर तालुक्यातल्या माझ्या गावच्या पाझर तलावावर. दिवाळीनंतर तलावात पाणी होते आणि पाण्यात म्हशी होत्या. दर पाच मिनिटांनी घड्याळ पाहायचे आणि कोणत्या म्हशीने डोके कधी बुडवले, कधी वर काढले, तोंड कुठल्या दिशेला होते, एवढेच लिहायचे. काही घडले नाही तर ‘काही नाही’ असे लिहायचे, पण ओळ कोरी सोडायची नाही. तीन रविवार आम्ही चौघे तेच करत होतो. माझे चुलते तात्या एकदा न राहवून म्हणाले, “बाई, तुमी लई शिकलेल्या म्हनं. मंग ह्या म्हशीकडं काय बघत बसता?”

“सवय करतोय तात्या,” बाई म्हणाल्या. “फुडं लई मोठं जनावर बघायचं हाय.”

तात्यांनी घरी जाऊन काकूंना चहा टाकायला सांगितले.

कोकणात पोचलो तेव्हा प्रकल्पाच्या प्रमुखांनी आम्हांला वरपासून खालपर्यंत न्याहाळले. “नगरची मुलं? यांना समुद्रातलं काय कळणार?”

“काहीच कळत नाही, म्हणूनच आणलीत,” बाई म्हणाल्या. “दिसेल तेवढंच लिहितील.”

हा शब्द त्यांनी आमच्या भरवशावर दिला होता.

आम्ही गावामागच्या टेकडीवर दुर्बिणी घेऊन बसायचो. भाताने आमची पोटे भरेनात, हे बाईंनी दुसऱ्याच दिवशी ओळखले. येताना त्यांनी पिशवीभर बाजरीचे पीठ आणले होते. ज्यांच्याकडे उतरलो होतो त्या कोळीणबाईंच्या चुलीवर त्या रोज स्वतः भाकरी थापत, आणि गरम भाकरी टेकडीवर घेऊन येत. “उपाशी माणसाला भलतंच दिसतं,” म्हणत.

मी मात्र भरल्या पोटी चुकलो. सहाव्या दिवशी सकाळी सोबतचा मित्र पाणी आणायला खाली गेला होता. तेवढ्यात दूरवर फवारा उडाला. एक भलीमोठी काळी पाठ वर आली आणि तिच्या कुशीला लागून एक लहान पाठ. मी वही पुढे ओढली. वेळ लिहिली, दिशा लिहिली आणि पुढे लिहिले, ‘मायलेकरं’.

नगरच्या तुकडीला मायलेकरं दिसली, ही बातमी दुपारपर्यंत सगळ्या तुकड्यांत पसरली. त्या किनाऱ्यावर मादी आणि पिल्लू दिसल्याची ती प्रकल्पातली पहिलीच नोंद होती. प्रमुख तर अहवालात कुठे घालायची ते ठरवूही लागले. बाईंनी तेवढी वही मागून घेतली आणि मला बाजूला बोलावले.

“पिल्लू दूध पिताना दिसलं का रे?”

“नाही बाई.”

“मग मायलेकरं कशावरून?”

“आमच्या गोठ्यात रेडकू असंच म्हशीच्या कुशीला...” एवढे बोललो आणि माझी चूक माझ्याच लक्षात आली. समुद्राचे काही ठाऊक नव्हते हे खरे, पण गोठा मी सोबत आणला होता.

बाई रागावल्या नाहीत. “मोठा एक, लहान एक. तुला दिसलं ते एवढंच,” म्हणाल्या.

संध्याकाळच्या बैठकीत त्यांनी उभे राहून सांगितले, “‘मायलेकरं’ ही नोंद माझ्या तुकडीची आहे. तो तर्क आहे, पाहिलेलं नव्हे. खोडून टाका. शिकवण्यात मी कमी पडले.” प्रमुखांचा चेहरा पडला. “पाहिलेलं आणि वाटलेलं यातला फरक ज्यांना कळत नाही, त्यांनी उद्या परत गेलेलं बरं,” ते म्हणाले. मी उठून ‘ते मी लिहिलं’ म्हणायला हवे होते. मी मान खाली घालून बसून राहिलो.

बाई म्हणाल्या, “चार दिवस द्या. तुमचा माणूस आमच्या शेजारी बसवा, वह्या वेगळ्या ठेवा. ताडून बघा. नाही जुळल्या तर आम्ही निघतो.”

ते चार दिवस मी डोळ्यांत तेल घालून बसलो. पाचव्या दिवशी प्रमुखांनी दोन्ही वह्या समोर ठेवल्या. आमच्या नोंदी जुळल्या होत्या, आणि त्यांच्या माणसाकडून सुटलेले दोन फवारेही आमच्या वहीत होते. आम्ही राहिलो. पुढच्या हिवाळ्यात प्रमुखांनी आपणहून पत्र पाठवले की नगरची मुले या वेळी जास्त पाठवा. तेव्हापासून एकही हिवाळा नगरच्या तुकडीशिवाय गेलेला नाही.

मात्र त्या बैठकीत बाईंनी माझे नाव घेतले नाही, आणि ऐकणाऱ्यांनी ती चूक त्यांचीच धरली. ‘साळवे बाईंची मायलेकरं’ हा प्रकल्पातला कायमचा विनोद झाला. गेल्या हिवाळ्यात नव्याने आलेल्या एका मुलीने तो बाईंच्या तोंडावरच सांगितला. बाई खळखळून हसल्या. दर हिवाळ्यासारखा मीही तिथे गेलो होतो आणि शेजारीच बसलो होतो. आज सावेडीच्या शाळेत मुलांना विज्ञान शिकवतो, निरीक्षण म्हणजे काय ते फळ्यावर लिहितो, तरीही त्या दिवशी माझ्या तोंडून शब्द फुटला नाही.

बाई येत्या महिन्यात साठ वर्षांच्या होतील आणि कॉलेजातून निवृत्तही होतील. त्यांचे डोळे असेच तीक्ष्ण राहोत, गुडघे टेकडी चढू देत, आणि पुढची खूप वर्षे त्या ठणठणीत तब्येतीने आमच्या वह्या तपासत राहोत. बाईंचा हा गौरवग्रंथ प्रकल्पातल्या सगळ्यांच्या हाती जाणार आहे, म्हणून सगळ्यांना सांगतो, ‘मायलेकरं’ बाईंनी लिहिले नव्हते. ते मी लिहिले होते.