चाऱ्याचे झिंगे

काळजी करण्यात माझा हात कोणी धरू शकत नाही. घरातलं माणूस बसनं यायला दहा मिनिटं उशीर झाला, की मी मनातल्या मनात दवाखाना गाठलेला असतो. सत्तरच्या दशकाच्या शेवटी, शाळेत नुकतीच शिकवायला लागले होते तेव्हाही मी अशीच होते. त्यामुळे त्या रविवारी बाबा गळ-दोरा घेऊन कन्हान नदीवर मासे धरायला निघाले आणि आईनं मला चुलीपाशी बोलावलं, तेव्हाच काहीतरी वाईट असणार, असं मी धरून चालले.

"तूही जाय वं बाई आज," ती म्हणाली. "त्याईचं तिथं कसं काय चालते, ते पाहून येजो."

कसं काय चालते म्हणजे काय, हे मला समजावून सांगायची गरज नव्हती. बाबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. कापडगिरणीतून सुटल्यापासून डॉक्टर ऑपरेशन करा म्हणत होते आणि बाबा उडवून लावत होते. आमच्या नंदनवन वस्तीतल्याच एका म्हाताऱ्याचा डोळा ऑपरेशननंतर कायमचा गेला होता. "हाये तेवढं तं दिसू द्या" हे बाबांचं ठरलेलं उत्तर. दर रविवारी ते नदीवर जायचे आणि संध्याकाळी मासे घेऊन यायचे. मासे आणणाऱ्या माणसाला दिसत नाही असं म्हणायचं तरी कसं? पण आठवड्यापूर्वी मी समोर उभी होते आणि ते मला आई समजून बोलले होते. मी आत निघून गेले, आणि तेव्हापासून तेच डोक्यात घोळत होतं.

दिसत नसलं तर आजच घरी सांगून टाकायचं, असं मी बसमध्ये ठरवलं. लगेच मला वाईट वाटायला लागलं, कारण सांगितलं की नदी बंद. गिरणी सुटल्यावर बाबांजवळ स्वतःचं म्हणावं असं ती नदीच काय ती उरली होती.

पुलाजवळ उतरून आम्ही पात्रात आलो. हिवाळा सरत आला होता, पाणी ओसरून अर्धं पात्र नुसती वाळू झालं होतं. बाबांचे गिरणीतले तीन सोबती डोहावरच्या खडकावर निघाले होते. त्यातला एक आमच्याकडे वळला. त्यानं बाबांच्या हातातला गळ काढून घेतला आणि एक रिकामा डबा त्यांच्या हातात दिला.

"आज झिंगे जरा जास्त लागतीन गा," तो म्हणाला आणि निघून गेला.

मी बाबांकडे पाहिलं. "तुम्ही नाही का गळ टाकत?"

"थे टाकतात. मी त्याईच्या गळाले लावाले झिंगे काढतो, चारा म्हणून."

"केव्हापासून?"

"झाले दोन पावसाळे."

म्हणजे घरी येत होते ते मासे बाबांनी धरलेले नव्हते, चाऱ्याच्या बदल्यात मिळालेला तो वाटा होता. दोन वर्षं आई ते मासे तळत होती आणि मी "बाबा, आज तर मोठाच गावला" म्हणत खात होते. मला आधी राग आला, आणि मग लाज वाटली.

बाबा धोतर खोचून काठच्या गवताजवळ गुडघाभर पाण्यात उतरले. झिंगा म्हणजे नदीतली छोटी कोळंबी; घाबरला की तो पुढं पळत नाही, शेपटीच्या झटक्यानं मागं उडतो. म्हणून त्याला धरायला झडप घालायची नसते. एक तळवा त्याच्या मागं पसरून ठेवायचा आणि दुसऱ्या हाताच्या बोटानं समोरून नुसतं डिवचायचं. झिंगा आपण होऊन तळव्यात येऊन बसतो. बाबा गवताच्या मुळांशी हात घालून उभे राहायचे, मान आभाळाकडे, आणि बघता बघता तीन-चार झिंगे डब्यात. डब्यात पाणी नव्हतं, ओलं शेवाळ होतं. पाण्यात कोंबले तर ते गुदमरून मरतात, आणि मेलेल्या चाऱ्याला मोठा मासा तोंड लावत नाही, असं त्यांनी मला सांगितलं. मीही हात घालून पाहिला. एक झिंगा बोटांमधून निसटला, दुसऱ्यानं टोचलं आणि मी किंचाळले. बाबा मनापासून हसले.

त्या कामाला डोळे लागतच नव्हते. त्यांना किती दिसतं हे मला तासभर पाहूनही कळेना. दगड कुठं, गवत कुठं, उतार कुठं, सगळं पायांना पाठ होतं. माझा जीव थोडा भांड्यात पडला. उगाच घाबरते मी, असं स्वतःला म्हणत मी डब्यातलं शेवाळ ओलं करायला खाली वाकले.

तेवढ्यात छपाककन आवाज झाला. मान वर केली तर बाबा दिसेनात.

त्या आठवड्यात कोणीतरी तिथून वाळू उपसून नेली होती. ट्रक भरता भरता खोल खड्डा झाला, नदीनं तो पाण्यानं भरला, आणि वरून सगळं सारखंच दिसत होतं. नाही, सारखं दिसत नव्हतं. तिथलं पाणी काळसर होतं, मला काठावरून स्पष्ट दिसलं. ज्याला दिसत होतं त्यानं तिथं पाऊल टाकलंच नसतं. बाबांचं डोकं वर आलं, हात पाण्यावर आपटत होते, पण काठ कुठल्या बाजूला हे त्यांना कळत नव्हतं. ते उलटे आतच जात होते. मी ओरडत पाण्यात शिरले, त्यांच्या सदऱ्याची कॉलर हाताला लागली, ती धरून मागं ओढत राहिले. डोहावरच्या एकाही माणसाला माझं ओरडणं ऐकू गेलं नाही.

वाळूवर बसून ते बराच वेळ खोकले. मी त्यांची पाठ चोळत रडत होते. "कोणाले सांगू नको" असं ते म्हणतील, मग मी भांडेन, असं मला वाटत होतं. तसं झालं नाही. उन्हात कपडे वाळवले, सोबत्यांना डबा देऊन आले आणि आम्ही बस धरली. घर येईपर्यंत मी उलटसुलट विचार केला आणि शेवटी ठरवलं, आईशी खोटं बोलायचं. झिंगे धरतानाचा त्यांचा तो हसरा चेहरा माझ्या डोळ्यांपुढून जात नव्हता.

बाबा मोरीत पाय धुवायला गेले. आईनं नुसतं माझ्याकडे पाहिलं.

"दिसते त्याईले," मी म्हटलं. "चांगलं दिसते."

"दिसत नाही थे मले मालूम हाये," आई हळू आवाजात म्हणाली. "तुले त्याच्यासाठी नाही पाठवलं मी. तिथं त्याईच्याजवळ कोणी राहाते का, तेवढं सांग."

भलत्याच प्रश्नासाठी खोटं तयार करून आणलं होतं मी. राहते म्हणावं, तर पुढच्या रविवारी ते पुन्हा एकटेच त्या पाण्यात उतरणार होते. नाही म्हणावं, तर नदी बंद.

मोरीतला पाण्याचा आवाज थांबला.

"कोणी नाही राहात," बाबा आतूनच म्हणाले. "आज खड्ड्यात गेलो होतो. ही नसती, तं राहिलो असतो तिथंच."

ते बाहेर आले आणि आईचा आवाज आला होता त्या दिशेला तोंड करून उभे राहिले.

"डोळ्याच्या दवाखान्यात कधी जायचं थे ठरव," ते म्हणाले. "पण मले लय भेव लागते."

आईनं पदरानं त्यांचे ओले हात पुसले.

"मलेही लागते," ती म्हणाली.