हॉखबानचा शेवटचा जिना

सगळ्या पायऱ्या तपासून झाल्या होत्या आणि माझा अहवाल जवळजवळ तयार होता. जिना बर्लिनमधल्या एका हॉखबान स्टेशनचा. हॉखबान म्हणजे लोखंडी खांबांवरून, रस्त्याच्या वर धावणारी शहरी रेल्वे. स्टेशन पहिल्या महायुद्धाआधीचं. दुसऱ्यात त्यावर बॉम्ब पडले, मग डागडुजी झाली. पुढे शहरात भिंत उभी राहिली, मार्गच तुटला आणि कालांतराने स्टेशन पाडलं. राहिला फक्त हा जिना. चढून गेलं की वर काहीच नाही.

जागेच्या मालकाला तिथे फ्लॅट बांधायचे होते. आसपासच्या लोकांनी अर्ज केला होता, की जिना डेंकमाल, म्हणजे संरक्षित वास्तू, ठरवा. सरकारी ऑफिसचा प्रश्न एकच होता: जिना मूळचा आहे का? ते सांगायला मला, स्ट्रक्चरल इंजिनिअरला, नेमलं होतं. मापं जुन्या ड्रॉइंगशी जुळत होती. खालच्या भागात रिव्हेट दिसत होते. त्या काळी लोखंडाचे तुकडे असे तापवलेले जाड खिळे ठोकून जोडत. वरच्या भागावर रंगाचे थरच्या थर होते. तिथेही रिव्हेटच असणार असं मी धरून चालले. आळस, दुसरं काय.

अर्जदारांचे पुढारी श्रीयुत लेमान, वय ब्याऐंशी, समोरच राहायचे. त्यांनी कॉफीला बोलावलं. जायला नको होतं. अहवाल लिहिणाऱ्याने अर्जदाराच्या घरी केक खाऊ नये, एवढी अक्कल मला वीस वर्षांच्या नोकरीत यायला हवी होती. पण बाहेर थंडी मी म्हणत होती.

त्यांनी अल्बम उघडला. फोटोत शिडीवर एक माणूस, हातात वेल्डिंगची कांडी. मागे आमचा जिना, पण फक्त खालचा अर्धा.

"माझे वडील," लेमान म्हणाले. "वरचा भाग बॉम्बने गेला होता. तो त्यांनी नवा बांधला, पडक्या कारखान्यातलं लोखंड आणून. म्हणून तर माझी एवढी धडपड चाललीय."

मी केकची बशी बाजूला सरकवली. आपण काय सांगून बसलो, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी वरचा रंग खरवडला. आत रिव्हेट नव्हते, वेल्डिंग निघालं, म्हणजे नंतरचं काम. मी बॉसला, क्रिस्टिनाला, फोन केला.

"मी तो फोटो पाहिलाच नाही असं धरलं तर?"

"अगं, पण तू पाहिलायस. उद्या मालकाच्या वकिलाने तोच रंग खरवडला तर?"

"त्या म्हाताऱ्याचा जीव अडकलाय गं त्यात."

"अगदी. पण आपल्याला जीव विचारलेला नाही, लोखंड विचारलंय."

तिचं बरोबर होतं. मला तिचा राग आला, आणि स्वतःचा त्याहून जास्त.

अहवाल पाठवण्याआधी मी लेमान यांच्याकडे जाऊन सगळं सांगितलं.

"म्हणजे माझ्या फोटोमुळे."

"हो."

"वडिलांचं काम कसं आहे?"

"उत्तम. अजून पन्नास वर्षं हलणार नाही."

"मग तेही लिहा."

लिहिलं. ही दुरुस्तीसुद्धा स्टेशनचा इतिहासच आहे, हेही लिहिलं. निकालाच्या पत्रात माझं एकच वाक्य उचललं होतं: वरचा भाग मूळचा नाही. अर्ज फेटाळला.

जिना पाडायच्या दिवशी मला तिथे काही काम नव्हतं, तरी गेले. लेमान काठी टेकून उभे होते. खालचा भाग, तो मूळचा, आतून पार गंजलेला होता. मशीनच्या एका हिसक्यात आला. वरचा येईना. माणसं गॅसने कापत राहिली, वैतागली, नोझल बदलून पुन्हा कापायला लागली.

"बघितलंत?" लेमान म्हणाले. त्यांचा चेहरा अभिमानाने फुलला होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मला त्यांच्याकडे बघवेना.

आता साईटवर कुणी जुने फोटो बाहेर काढायला लागलं, की मी आधीच सांगते, जे दाखवाल ते अहवालात जाईल. बरेच जण फोटो परत आत ठेवतात. मी आग्रह करत नाही.