तेवीस दोरे

उत्तम वारल्याचं मला एसटीच्या कंडक्टरनं सांगितलं. कारंज्याच्या स्टँडवर मी त्याचीच वाट पाहत होतो. सुट्टीत आपल्या गावी, किन्हीराजाला गेलेला हा माणूस परत आला की भांडण मिटवायचं, एवढं ठरवून गेलो होतो... दीड महिना झाला, पण ती गाडी आली की अजून जीव थाऱ्यावर राहत नाही.

आम्ही एकाच कॉलेजात शिकवायचो. तो प्राणिशास्त्र, मी रसायन. त्याची धाकटी बहीण सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारानं गेली आणि त्याला एकच ध्यास लागला. रक्ताला लाल करणारं द्रव्य दोन तऱ्हेच्या साखळ्यांचं बनतं. त्या घडवणारी जनुकं माणसाच्या तेवीस गुणसूत्र-जोड्यांपैकी नेमकी कुठे बसतात? त्यानं कारंज्यातल्या आपल्या खोलीच्या भिंतीवर तेवीस सुती दोरे टांगले होते, एका जोडीला एक. एखाद्या जनुकाचा पत्ता लागला की त्या दोऱ्यावर रंगीत गाठ मारायची. या दोन साखळ्यांसाठी ठेवलेले लाल धाग्याचे दोन तुकडे मात्र खिळ्यालाच लटकत राहिले.

एकदा मी शहाणपणा केला. जिवाणूंत एका कामाची जनुकं पुष्कळदा ओळीनं बसतात, तसंच इथंही असणार म्हणून दोन्ही लाल गाठी एकाच दोऱ्यावर शेजारी शेजारी मारल्या. वर म्हणालो, "गावात नाही का, ज्याची त्याची आळी असते!"

उत्तमचा चेहरा उतरला. त्याचं घर गावाबाहेरच्या वस्तीत. माझं, ऐन गावात.

"काहून बापू? संगं काम कराले शेजारी राहाच लागते काय? आमी गावाभायेर राहून गावाचं काम केलंच ना?"

मी हसण्यावारी नेलं. महिनाभर तो बोलला नाही, मग सुट्टी लागली. चूक कळत होती, पण जीभ रेटेना... स्वतःची एवढी चीड मला कधी आली नव्हती.

परवा त्याच्या नावानं टपाल आलं, म्हणून त्याच्या बायकोनं, वहिनींनी, खोलीवर बोलावलं. त्यानं मागवलेल्या, सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तर सालच्या ताज्या शोधनिबंधांच्या प्रती होत्या. एका साखळीची जनुकं सोळाव्या गुणसूत्रावर, दुसरीची अकराव्यावर. इतक्या लांब राहून एकच रक्त घडवतात. त्याचंच खरं होतं, आणि हे ऐकायला तो नव्हता.

भिंतीवर माझ्या गाठी तशाच होत्या.

"त्यानं ह्या सोडल्या नाहीत?"

"नाही भाऊजी. 'बापूनं मारल्या, बापूच सोडीन,' म्हनत होते."

सोडायला अर्धा तास लागला. फार ओढून मारल्या होत्या मी.