कार्तिकातली पांढरी बोटं

तरुणपणी मी एक मूर्खपणा चांगला मिरवला, तो आधी सांगून टाकते. कार्तिकात काकड्याआधी गावच्या तलावात अंघोळ करायची आमच्याकडे रीत. त्या गार पाण्यातून निघाले की माझी बोटं खडूसारखी पांढरी पडायची. मी ठरवलं, ही देवाची खूण! मग काय, देवळात बायांना बोटं दाखवत फिरायचे. सासूबाई म्हणायच्या, "पोरी, गोरशीतल्या निखाऱ्यांवर शेकून घे." पण मला संतीण व्हायची घाई होती!

बोटांपर्यंत रक्तच पोचत नाही, हे कळेपर्यंत मी आजी झाले. गेल्या हिवाळ्यात उजव्या हाताच्या बोटाला जखम झाली, ती भरेना. देवाची वात वळता येईना, भाताचा घास धरता येईना. भंडाऱ्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तळहातात इंजेक्शनं देऊ, आखडलेल्या रक्तवाहिन्या सैल होतील. उशीर केला तर बोटाचं टोक गमवाल. सुई पाहिली आणि माझी भक्ती अशी जागी झाली म्हणता! "माझा देव बघून घेईल," म्हणत मी थेट एसटी स्टँड गाठलं.

बाकावर शेजारी बसलेल्या एका अनोळखी बाईनं चहा घेऊन दिला. पेला माझ्या बोटांतून निसटला. तिनं माझा हात हातात घेऊन निळी नखं पाहिली, मग माझ्या पिशवीतून डोकावणारा दवाखान्याचा कागद.

"दवाखान्यातून पळून आल्या ना, आजी?"

"हो वो."

"काहून?"

"सुईचं भेव लागते."

"मंग चाला, मी येतो संग."

आणि खरंच आली. सुया टोचत होत्या, माझ्या तोंडी नामस्मरण आणि शिव्या आलटून पालटून चालू होत्या, आणि माझा दुसरा हात तिच्या हातात होता. आयुष्यभर देवासाठी काही ना काही करून दाखवायची मला हौस. त्या दिवशी फक्त तळवा उघडा ठेवायचा होता आणि हलायचं नव्हतं. शरण जाणं मला तिथं समजलं.

हळूहळू बोटांत ऊब आली, जखम भरली. थंडीत हातमोजे अजून लागतात, पण वाती मीच वळते. त्या बाईचं नाव विचारायचं राहून गेलं. दवाखान्याच्या दारात मी तिला हात जोडले, म्हटलं, "माय, तू माझ्यासाठी देवच."

ती म्हणाली, "मी कायची देव, आजी? देव असती त माही लाखनीची बस चुकली असती का?"