सह्यांचा पंधरवडा

यशया पारधे नगरच्या मिशन कंपाउंडातला. लहानपणी तो फुटबॉल अनवाणीच खेळला. नगरच्या एका स्पर्धेत लष्करी संघावर त्यानं दोन गोल मारले, ते कुणीतरी पाहिले, आणि एकोणिसशे सत्तरमध्ये तो कलकत्त्याला एका मोठ्या क्लबात जाऊन पोचला. ढाकुरियाच्या तळ्यांजवळ क्लबाची मेस होती. संध्याकाळी तळ्याकाठी फिरायला गेला की अनोळखी माणसं त्याला हाक मारायची. नगरला त्याला एवढं कुणी ओळखत नव्हतं.

तिथल्या लीगचा एक रिवाज होता. मोसमाआधी पंधरा दिवस सह्या चालायच्या. ज्या क्लबासाठी सही, त्या क्लबाचा खेळाडू. सही स्वतः हजर राहून करावी लागे, म्हणून क्लबवाले आपले खेळाडू आधीच कुठंतरी दडवून ठेवत, दुसऱ्यांनी पळवू नयेत म्हणून.

बहात्तरच्या मार्चमध्ये यशया बायकोच्या बाळंतपणासाठी गावी निघाला, तर क्लबाचा बिमलबाबू मुंबईपर्यंत बरोबर आला. तिथं जीप तयार होती. जीप नगरला गेलीच नाही. ती थेट भंडारदऱ्याला, धरणाच्या पाण्याकाठच्या एका बंगल्यावर थांबली.

"घरी दुसऱ्या क्लबाची माणसं बसली आहेत," बिमलबाबू हिंदीत म्हणाला. "आठवडाभर इथं राहा. मग विमानानं जाऊ, सही करू. दवाखान्यात मी रोज फोन करीन."

पुढं पाणी, मागं डोंगर. फाटकावर ड्रायव्हर खुर्ची टाकून बसलेला. जेवायला कोंबडी, झोपायला गादी. बूट मात्र पॉलिशला म्हणून नेले ते परत आलेच नाहीत. रोज संध्याकाळी बिमलबाबू पोस्टातून येई आणि सांगे, "सगळं ठीक. अजून काही नाही." पलंगावर पडल्यापडल्या यशयाला वाटे, आपण खेळाडू आहोत की कोंडवाड्यातलं ढोर?

स्वयंपाकाला शेंडी गावची राहीबाई यायची. पाचव्या दिवशी भाकरी वाढताना ती हळूच म्हणाली, "दादा, पोस्टात माझा भाचा हाय. ह्यो बाबू नगरला फोन लावीतच न्हाई. नुस्ता कलकत्त्याला लावतो."

यशयाच्या हातातला घास तसाच राहिला. "खरं सांगताय, मावशी?"

"खोटं कशापाई बोलू? तुझी बायको तिकडं एकली हाय."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी तो टॉवेल घेऊन आंघोळीला पाण्यावर उतरला. ड्रायव्हर वरून बघत होता, पण पोहता न येणारा माणूस पाण्यातून जाणार कुठं? झुडपाआड राहीबाईनं नवऱ्याचं धोतर आणि सदरा ठेवला होता. सदऱ्याच्या खिशात एसटीचं भाडंही. झाडीतून वाट काढत यशया अनवाणीच सडकेला लागला. राजूर, अकोले, संगमनेर, अशा गाड्या बदलत दिवेलागणीला तो नगरच्या मिशन दवाखान्यात पोचला.

रोझीनं आधी त्याचे कपडेच बघितले. "हे कुणाचं घालून आलात?"

"ते राहू दे. काय झालं?"

"मुलगी. परवा." मग तिचे डोळे भरले. "कुठं होता तुम्ही?"

यशया काही बोलण्याआधीच त्याची आई साळूबाई दोन पाहुण्यांना घेऊन आत आली. "लई भली माणसं रे. रोज फळं आनत्यात." त्यांतला एक पुढं झाला, हात जोडून म्हणाला, "बाहेर टॅक्सी उभी आहे. आजच निघू." ही दुसऱ्या क्लबाची माणसं होती. दारात त्यांचा आणखी एक जण उभा होता.

यशया खाटेवर बसला. "मी येत नाही," तो म्हणाला. "तुमच्याबरोबर नाही आणि त्यांच्याबरोबरही नाही."

सकाळी बिमलबाबू त्याचे बूट घेऊन हजर झाला. सह्यांची मुदत संपेपर्यंत दोन्हीकडची माणसं दवाखान्याच्या फाटकावर बसून राहिली. यशया मुलीला मांडीवर घेऊन आतच बसायचा. साधा चहा प्यायला बाहेर जायचीही सोय नव्हती. मग एका सकाळी फाटकावर कुणीच नव्हतं.

त्या मोसमात त्याला कुठल्याच क्लबानं विचारलं नाही, नंतरही नाही. पुढच्या वर्षी नगरजवळच्या नागापूरच्या एका कारखान्यात तो लेथवर लागला. कारखान्याचा संघ होता, सामने रविवारी, तेही पाळी नसली तर. दोन वर्षांत गुडघा गेला आणि तेही थांबलं.

एकदा डबा भरताना रोझीनं विचारलं, "खरं सांगा, तिकडं जायचं होतं ना तुम्हाला?"

"होतं," यशया म्हणाला. "अजून आहे."

रोझीनं डब्याचं झाकण लावलं. यशयानं सायकल काढली. पहिल्या पाळीला उशीर होत होता.