डिकी अडकली की माणूस हलत नाही

गॅरेजवाल्याला किस्से गोळा करावे लागत नाहीत. डब्यातल्या जुन्या नटबोल्टांसारखे ते आपोआप साठतात. कुठला कुठल्या गाडीचा हे आठवत नाही, पण एकही फेकवत नाही. माझ्याकडे सगळ्यात जास्त आहेत ते डिकीचे. इंजिनाचं काम असलं की गिऱ्हाईक समोरच्या टपरीवर चहाला जातं. डिकी अडकली की मात्र ते गाडीशेजारून हलत नाही. आत त्याचं काहीतरी असतं ना!

मी मूळचा बार्शीचा. आयटीआय करून पौडला आलो आणि एसटी स्टँडच्या अलीकडे शेड टाकली. पत्र्याचं काम अण्णा बघायचे. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे, बोलणं कमी. टिचकी मारून पत्रा कुठं ताणलाय ते सांगायचे. डिकीला कुलूपही असतं आणि पत्राही, म्हणून ते काम आम्ही दोघं मिळून करायचो.

*

मुळशीकडचे एक तात्या होते. साठीचे, कडक इस्त्रीचे कपडे, आयुष्यभर ट्रॅक्टर चालवलेला. मुलानं नवी कोरी गाडी दारात आणून उभी केली आणि तो पुण्याला परत गेला. तीन आठवड्यांनी तात्या गाडी घेऊन आमच्याकडे आले.

"डिकी जाम हाय. लई जाम हाय."

मी बघितलं. काही जाम नव्हतं. डिकी उघडायची खिट्टी ड्रायव्हरच्या सीटखाली असते, ती तात्यांना कुणी दाखवलीच नव्हती. मी बोलायला तोंड उघडणार तेवढ्यात अण्णांनी माझा हात दाबला. टपरीवर तात्यांच्या गावची चार माणसं बसली होती.

अण्णांनी हातोडी घेतली, डिकीवर फडकं टाकलं आणि म्हणाले, "तात्या, तुमी सीटवर बसा. उजव्या अंगाला खाली एक खिट्टी हाय. मी हाणतो, तवा वढा."

ठाक! आणि डिकी उघडली. आत शोरूमनं दिलेला पेढ्यांचा बॉक्स होता, पार बुरशी आलेला.

तात्यांनी ती खिट्टी आणखी एकदा ओढून बघितली. मग खाली उतरून हळूच म्हणाले, "ही खिट्टी पयल्यापासनंच हाय व्हय?"

अण्णा म्हणाले, "न्हाई तात्या. आत्ता नीट झाली."

*

एका उन्हाळ्यात पुण्याचे एक साहेब आले. धरणाचे ताजे मासे घेऊन डिकीत ठेवले होते आणि कुलूप बिघडलं. तेव्हाच दाखवायचं, तर हे तीन दिवस रिसॉर्टवर राहिले! डिकी उघडली आणि टपरीवाल्यानं टपरी बंद केली.

साहेबांनी नाकाला रुमाल लावून विचारलं, "हा वास कधी जाईल हो?"

अण्णांनी थोडा विचार केला. "गाडी जाईल तवा."

*

आमच्या भागात एक नर्सबाई होत्या. आम्ही त्यांना सिस्टर म्हणायचो. वाड्यावस्त्यांवर फिरून लहान मुलांना लस द्यायच्या. एकदा त्यांची नेहमीची जीप बंद पडली, म्हणून भाड्याच्या गाडीनं निघाल्या. लसीची पेटी ड्रायव्हरनं डिकीत ठेवली, आणि पौडला येईपर्यंत त्याच्या हातून किल्ली कुलुपातच मोडली. सीटखालच्या खिट्टीची केबलही आधीच तुटलेली.

एप्रिलचं दुपारचं ऊन. पेटीत बर्फ होता, तो वितळला तर लस वाया जाणार. सिस्टर म्हणाल्या, "वर धनगरवस्तीवर बाया पोरं घेऊन सकाळपासून बसल्यात. आज गेले नाही, तर पुन्हा त्या यायच्या नाहीत." बोलता बोलता त्यांनी आपली ओढणी हौदात बुडवून डिकीच्या पत्र्यावर पसरली. वाळली की पुन्हा भिजवायची. गाडी आम्ही ढकलत चिंचेखाली घेतली.

मागच्या काचेखालचा स्पीकर मी काढला. त्या भोकातून आत हात घालून कुलपाची कडी ओढता आली असती, पण माझा हात कोपरालाच अडला. अण्णांचा तर मनगटालाच. सिस्टर पुढं झाल्या. "मला सांगा काय करायचं ते."

त्यांनी बांगड्या काढून पर्समध्ये ठेवल्या आणि वाकवलेली तार घेऊन हात आत घातला. अण्णा बाहेरून डिकीवर टिचक्या मारत सांगायला लागले, "हितं या. आता वर. लागलं का लोखंडाला?" पत्र्याची कड लागून त्यांच्या दंडातून रक्त यायला लागलं. मी म्हणालो, "सिस्टर, थांबा." त्या म्हणाल्या, "लागलंय लोखंड! पुढं सांगा."

तिसऱ्या झटक्याला डिकी उघडली. सिस्टरनी पेटी उचलून कानाशी धरली आणि हलवली. मी, अण्णा आणि ड्रायव्हर कान देऊन उभे.

"खडखडतोय बर्फ!" त्या म्हणाल्या, आणि दंडाला रुमाल बांधत गाडीत जाऊन बसल्या.

*

हा किस्सा माझ्यावरचाच आहे. एका मास्तरांची डिकी उघडेना आणि मला घाई होती. टॉमी, म्हणजे लोखंडी सळई, फटीत घातली, जोर लावला, उघडली. मास्तर खूश! पण पत्रा वाकला आणि ती डिकी काही केल्या लागेना. अण्णांनी दोन दिवस बसून ती सरळ केली. शेवटी हात पुसताना म्हणाले,

"उघडायला काय, कुणीबी उघडतंय. परत लागली पायजे."

*

हिंजवडीत नोकरी करणारा लातूरचा एक इंजिनीअर होता. रविवारी वडिलांना धरण दाखवायला घेऊन आला होता. वडील रिटायर्ड पोस्टमन, नुकतेच गाडी शिकलेले. मोकळा रस्ता बघून मुलानं गाडी त्यांच्या हातात दिली आणि रिव्हर्स घेताना ती दगडी कठड्याला बसली. डिकी आत गेली, उघडेना.

गॅरेजमध्ये म्हातारा कोपऱ्यातल्या स्टुलावर मान खाली घालून बसला. चहा दिला, तो तसाच गार झाला. मुलगा मला बाजूला घेऊन म्हणाला, "दादा, प्लीज एक काम करा. बाबांना सांगा, लॉक आधीपासूनच खराब होतं. ते पुन्हा स्टिअरिंगला हात लावणार नाहीत नाहीतर."

मी गेलो आणि सांगितलं. डिकीचं कुलूप काढून दाखवलं, गंज दाखवला, "हे आज ना उद्या होणारच होतं" म्हणालो.

म्हातारबुवांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "हे तुम्हाला त्यानं सांगायला लावलं ना? शाळेत असताना काच फोडली, की असंच मित्राला पाठवायचा." गार झालेला चहा त्यांनी हातात घेतला. "तेव्हा स्वतःला वाचवायला पाठवायचा."

संध्याकाळी गाडी नीट झाली, तेव्हा मुलगा डावीकडच्या सीटवर जाऊन बसला. किल्ली त्यानं आधीच वडिलांच्या हातात दिली होती.

*

अण्णा कोळवणचे. त्यांच्या वडिलांची तिथं भाताची खाचरं होती, ती अण्णा धरून चार भावांत आली. अण्णांना विकायची नव्हती. तिघा भावांनी सह्या केल्या, मग अण्णांनीही केली. त्यानंतर ते पौडला खोली घेऊन राहिले आणि कोळवणच्या रस्त्याचं काम आलं की मला एकट्याला पाठवायचे.

एका डिसेंबरात पुण्याच्या एका जोडप्याचा फोन आला. फार्महाऊसवर गाडीची डिकी अडकली आहे, पत्राही दबलाय, दोघंही या. पत्ता ऐकला आणि मी अण्णांकडे बघितलं. तीच जमीन. नवे मालक त्यांना ओळखत नव्हते. व्यवहार मधल्या माणसानं केला होता.

मी म्हणालो, "अण्णा, मी बघतो एकटा."

ते म्हणाले, "पत्र्याचं काम हाय. तुला जमायचं न्हाई." आणि मोटारसायकलवर माझ्या मागं बसले.

मालक आणि त्यांची बायको, दोघंही भली माणसं. पहिल्यांदाच स्वतःचा भात पिकवला होता आणि तांदूळ करून घरी न्यायला निघाले होते. डिकीत पोती कोंबली, वरून दाबून लावली, आणि एका पोत्याची सुतळी कुलपात गुंतली. अण्णा खाली वाकले ते तासभर वर बघितलं नाही. खाचरांकडे पाठ करूनच काम करत होते. ब्लेडनं एकेक धागा कापून सुतळी काढली, डिकी उघडली, दबलेली कड हातोडीनं सारखी केली.

बाई आतून पिशवी घेऊन आल्या. पोत्यातला तांदूळ ओंजळीनं काढून पिशवी भरली आणि अण्णांपुढं धरली. "घ्या ना. आमच्या शेतातला इंद्रायणी आहे."

अण्णांनी हात फडक्याला पुसले, पुन्हा पुसले. चिमूटभर दाणे तळहातावर घेतले, नाकाशी नेले, एक दाणा दातानं फोडला.

"वरच्या खाचराला पाणी कमी पडलंय," ते म्हणाले.

मालक चकित झाले. "हो! वरचं सगळं वाळत होतं. पाणी चढतच नाही तिथं."

"चढतंय. बांधाच्या कोपऱ्यात चपटा दगड हाय, त्याच्याखाली पाटाचं तोंड हाय. दगड काढा."

"तुम्हाला कसं माहीत?"

अण्णांनी पिशवीला नीट गाठ मारली, ती काखेत घेतली आणि दुसऱ्या हातानं डिकी अलगद खाली आणली. खट्ट करून लागली.

"जोरात आदळू नका," ते म्हणाले. "आता हळू लावली तरी लागतीया."