लाल ठिपक्याच्या गोगलगायी

शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या त्या बाईंना सगळी गल्ली ‘गोगलबाई’ म्हणायची, तेही तोंडावर. बाईंना त्याचं काही वाटत नसे. मुलं लहान असताना अर्धवट सोडलेली पीएच.डी. त्यांनी पन्नाशीत पुन्हा हाती धरली होती. विषय होता आपल्याच गल्लीतल्या गोगलगायींचा: त्या कुठे राहतात, कुठे फिरकतही नाहीत, आणि का.

‘‘गोगलगाय नि पोटात पाय!’’ नणंद म्हणाली. ‘‘वहिनी, इतकी वर्षं गप्प बसून हा बेत शिजत होता होय?’’

नवरा म्हणाला, ‘‘तू शिक. स्वयंपाकाचं मी बघतो. फक्त जेवताना तोंड वाकडं करायचं नाही.’’

अडचण एकच होती. मार्गदर्शक सर पुढच्या वर्षी निवृत्त होणार होते. हा पावसाळा हुकला, की पदवीवर पाणी सोडावं लागणार.

काम सोपं, पण चिकाटीचं. गोगलगाय दिसेल तिथेच तिच्या शंखावर लाल रंगाचा ठिपका द्यायचा आणि तिला तिथेच सोडायचं. पुढच्या आठवड्यात ती कुठे आहे ते शोधून नकाशावर खूण करायची. बाई भिंतीच्या कडेने वाकून चालू लागल्या, की शिंपी मशीन थांबवून विचारी, ‘‘बाई, काही हरवलं का?’’

‘‘गोगलगायी शोधतेय हो,’’ बाई म्हणत आणि पुढे जात. शाळा गाठायची घाई असे. याहून जास्त त्यांनी कधी कुणाला सांगितलंच नाही.

काही आठवड्यांत नवल घडलं. लाल ठिपक्यांच्या गोगलगायी गल्लीतून नाहीशा होऊन बाईंच्याच अंगणात गोळा होऊ लागल्या. कुंड्यांमागे, पायरीखाली, जिथे बघावं तिथे लाल ठिपके. बाई हरखून गेल्या. एवढी ओढ कशाची? मातीची, की सावलीची? त्यांनी सरांना फोन केला.

‘‘जरा जपून,’’ सर म्हणाले. ‘‘इतकं छान आपोआप होत नसतं.’’

एका सकाळी त्या दार उघडून बाहेर आल्या, तर फाटकापाशी इस्त्रीवाले काका. हातात शर्टाचं खोकं. त्यातून एकेक गोगलगाय उचलून अलगद कुंडीत सोडत होते.

‘‘काका, हे काय?’’

‘‘तुमच्याच ना ह्या? ठिपका बघून ओळखतो आम्ही. फाटक उघडं टाकता, मग पळतात. जो तो दिसेल ती आणून सोडतो. शिंपी तर दुकान उघडायच्या आधी हेच काम करतो.’’

बाई पायरीवर बसल्या. रागवायचं तरी कुणावर? त्यांनी काकांना सगळं सांगितलं, पहिल्यांदाच, सावकाश. काकांचा चेहरा उतरला.

‘‘म्हणजे आम्ही करायला गेलो एक...’’

‘‘...आणि झालं भलतंच,’’ बाई हसल्या, पण डोळे भरून आले होते.

सरांनी ऐकून घेतलं. ‘‘अर्धा पावसाळा उरलाय ना? रंग बदला आणि लागा कामाला.’’

या खेपेला ठिपका पिवळा होता आणि राखणीला अख्खी गल्ली. काकांनी घरोघर बजावलं: पिवळ्याला हात लावायचा नाही. सायकली वळसा घालून जाऊ लागल्या. शिंपी तर गिऱ्हाइकालाही दारात अडवी. ‘‘थांबा, आधी ती जाऊ द्या.’’

‘‘अहो, मला उशीर होतोय!’’

‘‘तिलाही होतोय. ती बोलते का काही?’’

पावसाळा सरला तेव्हा नकाशा भरला होता. ओल आणि जुन्या चुन्याची भिंत जिथे, तिथे गोगलगायींची दाटी. कोरड्या सिमेंटजवळ चिटपाखरू नाही. सर्वांत मोठी वस्ती इस्त्रीच्या दुकानामागे निघाली. सर निवृत्त होण्याआधी बाईंना पदवी मिळाली.

कळलं तशा त्या थेट इस्त्रीच्या दुकानात गेल्या. काकांनी इस्त्री उभी केली.

‘‘झालात डॉक्टर? छान झालं! मग आता मागचा नळ दुरुस्त करू ना? केव्हाचा गळतोय. बायको रोज डोकं खाते. पण म्हटलं, गल्लीत कशालाच हात लावायचा नाही ठरलंय, तर नळाला तरी कसा लावू?’’

‘‘थांबा काका, नळाचं मी बघते,’’ म्हणून बाई घरी न जाता प्लंबरला बोलवायला निघाल्या.